बाळ अंगावर नीट पीत नाही? स्पीच थेरपी आणि लॅक्टेशन एकत्र कसं वापरायचं, पायरीपायरीने

बाळ नीट पीत नाही अशी तक्रार घेऊन आई येते तेव्हा बहुतेक वेळा तिच्याकडे आधीच दोन-तीन जणांचे सल्ले जमलेले असतात. लॅक्टेशन कन्सल्टंटने (स्तनपानाचा सल्ला देणारीने) सांगितलेलं असतं पोझिशन बदल, जास्त वेळा पाज, मधेमधे पंप कर. स्पीच थेरपिस्टने सांगितलेलं असतं जीभ नीट चालत नाहीये, तोंडाचे व्यायाम कर. दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात हो, पण हे सगळं करायचं म्हटलं तर त्या बाईने झोपायचं कधी, आणि एकीचा सल्ला दुसरीच्या सल्ल्याला छेद देतोय का हे तर कोणी बघितलेलंच नसतं.

मी मुळात स्पीच थेरपिस्ट, लॅक्टेशन नंतर शिकले. आता माझं मत अगदी पक्कं झालंय की पाजणं हे दोन शरीरांनी मिळून केलेलं एक काम आहे, त्यामुळे तपासायचं ते पण एकत्र, एकच फीड दोघींनी (किंवा दोन्ही शिकलेल्या एकीने) बघायचं, आणि घरी जाताना आईच्या हातात प्लॅन एकच द्यायचा. हे प्रत्यक्षात कसं करायचं ते लिहितेय. थेरपिस्ट, लॅक्टेशनचं काम करणाऱ्या मैत्रिणी आणि आईवडील, तिघांनाही उपयोग होईल असं बघते.

आधी, कोणाचं काम काय

"बाळ बोलत पण नाही अजून, मग स्पीच थेरपिस्ट कशाला?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. कारण सोपं आहे, बोलायला जे अवयव लागतात तेच प्यायला पण लागतात, ओठ, जीभ, टाळू, जबडा, घसा. आणि चोखणं-गिळणं-श्वास यांचा ताळमेळ हा आमच्या शिक्षणाचाच भाग आहे. बाळ पोटात असताना १२ ते १४ आठवड्यांपासून गिळायला लागतं, पण चोखणं, गिळणं आणि श्वास ही तिन्ही कामं एकत्र सांभाळणं साधारण ३४ आठवड्यांच्या आसपास जमायला लागतं आणि त्यानंतरही पक्कं होत राहतं, म्हणून तर लवकर जन्मलेल्या बाळांना प्यायला त्रास होतो.

लॅक्टेशनवाल्यांचं क्षेत्र म्हणजे दूध तयार कसं होतं, कमी का पडतं, स्तन किती भरतात, निपल का दुखतं, पंप कसा आणि किती वेळा, दुधाच्या गाठी, स्तनाची सूज, औषधं चालतात का, कामावर परत जाताना काय करायचं. यातलं बरंचसं स्पीच थेरपिस्टला कॉलेजात शिकवतच नाहीत. उलट श्वासनलिकेत दूध जाणं, टाळूची फट, स्नायूंचा ढिलेपणा, घशाचे प्रॉब्लेम हे लॅक्टेशनच्या कोर्समध्ये वरवर येतं. लॅच, म्हणजे बाळाने स्तन तोंडात धरणं, हा मात्र दोघींचा, आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

दोन्ही एकाच व्यक्तीला करायचं असेल तर आयबीसीएलसी ही लॅक्टेशन कन्सल्टंटसाठी १९८५ पासून चालू असलेली आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे, आणि तिच्यासाठी जे आरोग्य व्यवसाय धरले जातात त्यात स्पीच थेरपी आहे. दर ५ वर्षांनी सर्टिफिकेट रिन्यू करावं लागतं. पण सर्टिफिकेट नसलं तरी दोघींनी एकत्र बसून काम करायला काहीच अडत नाही, फक्त आपली हद्द कुठे संपते ते प्रामाणिकपणे सांगायचं.

पायरी १: फोनवरच चाळणी

अपॉइंटमेंट देण्याआधी पाच मिनिटं बोलायचंच. काही गोष्टी ऐकल्या की तारीख देत बसायचं नाही, सरळ डॉक्टरकडे पाठवायचं: पिताना बाळ निळं-काळसर पडतंय, पिण्यासाठी उठवलं तरी उठतच नाही, हिरवी उलटी, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश किंवा जास्त ताप, लघवी जवळजवळ बंद, शांत असतानाही श्वास मिनिटाला ६० च्या वर किंवा छाती आत ओढली जातेय. अशा बाळाला लॅच शिकवणं म्हणजे वेळ घालवणं आहे.

वजन पण फोनवरच विचारून घ्यायचं. पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतंच, पण १० टक्क्यांच्या आसपास गेलं किंवा दोन आठवडे झाले तरी जन्माच्या वजनावर परत आलं नाही तर त्याच दिवशी कोणीतरी बघायला हवं. एक बारीक गोष्ट, बाळंतपणात आईला खूप सलाईन दिलं असेल तर बाळाचं जन्माचं वजन थोडं फुगलेलं असू शकतं आणि मग उतरलेलं वजन जास्त दिसतं, म्हणून वजनाबरोबर लघवी-शी पण विचारायची. पाचव्या दिवसापासून २४ तासांत ६ किंवा जास्त चांगल्या ओल्या लंगोट्या आणि पिवळी शी, हे आईला घरबसल्या मोजता येतं.

पायरी २: माहिती एकाच बैठकीत घ्यायची

आईला तीच कहाणी दोनदा सांगायला लावू नका, खरंच. ती आधीच थकलेली असते. एकीने विचारायचं, दुसरीने ऐकायचं, मधे सुटलेलं विचारायचं.

आईबद्दल: गरोदरपणात स्तनांचा आकार वाढला का, आधी काही ऑपरेशन झालंय का, थायरॉइड, पीसीओएस, बाळंतपणात खूप रक्त गेलं का, वार पूर्ण पडली होती का, दूध उतरायला किती दिवस लागले. बाळाबद्दल: किती आठवड्यांचं, कावीळ झाली होती का, एनआयसीयूत नळी होती का, पिताना आवाज येतो का, ठसका, नाकातून दूध येणं, मान एकाच बाजूला ठेवणं.

आणि एक प्रश्न असा आहे जो बरेच जण विचारतच नाहीत: "तुला काय हवंय?" जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे दोन वर्षं किंवा जास्त वरच्या अन्नाबरोबर दूध असं सांगते, ते आपल्याला माहीतच आहे. पण समोरच्या बाईला कदाचित रात्री अंगावर आणि दिवसा बाटलीने काढलेलं दूध एवढंच झेपणार असेल. तिचं ध्येय कागदावर तिच्याच शब्दांत लिहायचं, प्लॅन त्यावरून बनवायचा.

पायरी ३: बाळ भुकेलं व्हायच्या आधी बाळाला बघायचं

रडत्या बाळाच्या तोंडात बोट घालून काही कळत नाही. जागं, शांत असताना बघा. आधी हात न लावता: रंग, श्वास, अंग ढिलं आहे का ताठ, डोकं दोन्हीकडे वळतं का. मग टॉर्च घेऊन टाळू पूर्ण मागेपर्यंत बघायचा, पडजीभ दुभंगलेली आहे का तेही, कारण वरून कातडी असलेली आणि आत स्नायूत फट असलेली टाळू नुसतं बोट फिरवून सुटून जाते.

मग ग्लोव्ह घालून करंगळी, नख कापलेलं, बोटाचा मऊ भाग टाळूकडे. बाळाने स्वतः तोंड उघडेपर्यंत ओठावर थांबायचं, आत ढकलायचं नाही. जीभ बोटाला खालून पन्हाळीसारखी लपेटते का, मागे ओढते का, का नुसता जबडा चावतोय, ओढ सुरुवातीला चांगली आणि थोड्या वेळाने गळतेय का. थकणं हे पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसत नाही, त्यामुळे घाई नको.

पण बोटावर जे दिसलं तेवढ्यावर निदान करू नका. बोटातून दूध येत नाही. बोटावर उत्तम चोखणारं बाळ दुधाचा फ्लो आला की गडबडतं, आणि बोटावर आळशी वाटलेलं बाळ अंगावर छान पितं, हे दोन्ही मी भरपूर बघितलंय.

पायरी ४: आता खरं फीड बघायचं, आणि पूर्ण बघायचं

सगळी गंमत इथे आहे. दोघींनी बसायची जागा ठरवून घ्या, एकीला आईचा चेहरा, खांदे आणि स्तन दिसायला हवेत, दुसरीला बाळाचा जबडा, कान आणि छाती. पहिली काही मिनिटं काही बोलायचं नाही, काही सुधारायचं नाही. आई घरी जसं पाजते तसंच बघायचं, नाहीतर आपण आपलीच पोझिशन तपासत बसतो.

सुरुवातीला बाळ भराभर चोखतं, सेकंदाला साधारण दोनदा, हे दूध उतरायला सांगण्यासाठीचं चोखणं. दूध उतरलं की लय बदलते, सेकंदाला साधारण एक, जबडा जास्त खाली जातो, हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते आणि मग हलका "ख" असा श्वास सोडल्याचा आवाज येतो. तो आवाज म्हणजे गिळणं. हाच आवाज आईला ओळखायला शिकवा, बाकी काही नाही शिकवलं तरी चालेल, कारण "वीस मिनिटं पितंय" यातून काहीच कळत नाही, वीस मिनिटं नुसतं तोंड हलवणारी बाळं पण असतात. भराभर चोखणं चालूच आहे, गालाला खळी पडतेय, टकटक आवाज येतोय, कान हलत नाही, म्हणजे दूध फारसं जात नाहीये.

पूर्वी असं मानायचे की जीभ दाबून दूध पिळून काढते. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या डोना गेडीस यांच्या टीमने अल्ट्रासाऊंडवर दाखवलं की जीभ खाली जाते तेव्हा तोंडात निर्वात तयार होतो आणि दूध मुख्यतः त्याच वेळी वाहतं. याचा प्रॅक्टिकल अर्थ असा की जिभेला खाली जायला जागा मिळाली पाहिजे. म्हणून हनुवटी स्तनात रुतलेली, डोकं किंचित मागे, नाक मोकळं, पोटाला पोट. बाळाच्या डोक्यामागे हात ठेवून दाबलं की हनुवटी छातीकडे जाते आणि बाळ झगडतं, मग घरातले म्हणतात "याला अंगावर नकोच आहे". आईने मागे रेलून बाळाला छातीवर पालथं घेतलं की निम्मी भांडणं मिटतात, आणि दूध जोरात येणाऱ्या आईला तर हे पहिल्यांदा करून बघा.

ताणाची लक्षणं स्पीच थेरपिस्टने बघायची: भुवया वर, बोटं फाकलेली, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यात पाणी, ओठाभोवती रंग बदलणं, लागोपाठ चार-पाच घोट आणि मग धाप. खोकला नाही म्हणजे दूध श्वासनलिकेत जात नाही असं समजू नका, लहान बाळात ते अजिबात खोकला न येताही जाऊ शकतं. शंका असेल तर डॉक्टरांशी बोलून पुढची तपासणी. एक्स-रेवाल्या गिळण्याच्या तपासणीत दुधात बेरियम मिसळावं लागतं त्यामुळे ती बाटलीनेच होते, नाकातून कॅमेरा घालून करायची तपासणी मात्र अंगावर पिताना पण करता येते, हे पालकांना आधीच सांगा.

बाळाने सोडलं की लगेच निपल बघायचं, त्याच क्षणी, नंतर नाही. गोल, लांबट आलं तर ठीक. नव्या लिपस्टिकसारखं तिरकं किंवा चपटं, टोकावर पांढरी रेघ, म्हणजे ते पुढे कडक टाळूवर चेपलं जात होतं. थोड्या वेळाने पांढरं-जांभळं पडून जळजळत असेल तर रक्तवाहिन्या आकुंचन पावतात तो प्रकार असू शकतो, तिथे ऊब आणि लॅच सुधारणं.

हात लावण्याआधी दर वेळी विचारायचं. शक्यतो बाहुलीवर दाखवायचं आणि आईचे हात आईलाच वापरू द्यायचे. कोणीतरी न विचारता स्तन पकडून बाळाच्या तोंडात कोंबला ही आठवण बायका वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

पायरी ५: आधी आणि नंतर वजन

२ ग्रॅमपर्यंत अचूक काटा असेल तर फीडच्या आधी आणि नंतर वजन करा, त्याच कपड्यात, तीच लंगोटी, मधे बदलायची नाही. वाढलेला १ ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने १ मिली दूध. पण एका फीडच्या आकड्यावरून आईला घाबरवू नका, प्रत्येक फीड वेगळं असतं. खरी गोष्ट दिवसांच्या वजनात दिसते, पहिल्या तीन महिन्यांत रोज साधारण २० ते ३० ग्रॅम.

फीडनंतर आईने पंप करून बघितलं तर आणखी स्पष्ट होतं. बाळाने कमी घेतलं आणि पंपमध्ये भरपूर आलं तर अडचण काढून घेण्यात आहे. दोन्हीकडे कमी असेल तर दूध कमी बनतंय, पण मग ते का, बाळ बरेच दिवस नीट काढत नव्हतं म्हणून हळूहळू कमी झालं, का मुळातच? इथे लॅक्टेशनवालीचं ऐकायचं.

पायरी ६: प्लॅन, आणि त्याचा क्रम

क्रम बदलायचा नाही: आधी बाळाचं पोट भरलं पाहिजे, मग आईचं दूध टिकलं पाहिजे, मग लॅच आणि तोंडाचं काम. भुकेल्या, अशक्त बाळाला व्यायाम देणं मला पटतच नाही, ताकद येते ती पोटात दूध गेल्यावर.

बाळाला पूरक द्यावं लागलं तर पहिली पसंती आईचंच काढलेलं दूध. बारीक नळी स्तनाला लावून, कपने, चमच्याने किंवा बाटलीने, बाळाला आणि घराला झेपेल तसं. बाटली द्यायची तर बाळ कुशीवर किंवा जरा बसतं, बाटली आडवी, स्लो निपल, आणि दर काही घोटांनंतर बाटली किंचित खाली करून श्वासाला वेळ द्यायचा. बाटलीला शत्रू समजू नका, नीट वापरली तर ती पण थेरपीच आहे.

बाळ नीट काढत नसेल तोपर्यंत २४ तासांत ८ किंवा जास्त वेळा दूध काढावं लागतं, स्तनात साठून राहिलं की बनणं कमी होतं. पंपच्या फनेलचा साइज तपासा, चुकीच्या साइजमुळे किती बायका विनाकारण दुखणं सहन करतात. आणि दूध भरपूर असेल तर उगाच रिकामं करत बसायला सांगू नका, गाठीवर जोरात मसाज तर अजिबात नको, त्याने सूज वाढते.

अंगावर पाजा, मग पूरक द्या, मग पंप करा, असं तिन्ही प्रत्येक वेळी करायला सांगितलं की एक फीड संपेपर्यंत दुसऱ्याची वेळ होते. म्हणून मी याला मुदत घालते: प्रत्येक फीडला सगळं मिळून तासाभराच्या आत संपवायचं, रात्रीचं एक फीड दुसऱ्या कोणीतरी सांभाळायचं, आणि दोन-तीन दिवसांत परत भेटायचंच. मुदत नसलेला असा प्लॅन आईला मोडतो. बोलताना ती सारखी रडतेय, कशातच मन लागत नाही असं दिसलं तर एडिनबरा स्केलचे (बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायचे) १० प्रश्न विचारा आणि गरज असेल तिथे पाठवा, हे "आमचं काम नाही" म्हणून सोडू नका.

तोंडाच्या व्यायामांबद्दल स्पष्ट सांगते. लवकर जन्मलेल्या बाळांत ओठ-गाल-जिभेला पद्धतशीर स्पर्श देण्याचा फायदा दिसलाय. पूर्ण दिवसांच्या, बाकी ठणठणीत बाळाला मात्र सगळ्यात चांगला व्यायाम म्हणजे नीट लॅच होऊन दूध पिणं. दहा व्यायामांचा तक्ता देण्यापेक्षा फीडच्या आधी एकच छोटी गोष्ट द्या, जी आई खरंच करेल.

जिभेखालचा पडदा: घाई नको, टाळाटाळ पण नको

हल्ली प्रत्येक दुखऱ्या निपलचं खापर टंग-टायवर, म्हणजे हा पडदा आखूड किंवा घट्ट असण्यावर, फुटतं. जिभेखाली पडदा सगळ्यांनाच असतो, दिसतो म्हणून कापायचा नसतो. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०२४ च्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की टंग-टाय दिसणाऱ्या निम्म्याहून कमी बाळांना अंगावर पिताना त्रास होतो. २०१७ च्या कोक्रेन रिव्ह्यूमध्ये (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) कापल्यावर आईचं दुखणं थोड्या काळासाठी कमी झालेलं दिसलं, बाळाच्या पिण्यातला फरक मात्र सगळीकडे सारखा दिसला नाही. आणि "आत्ता नाही कापलं तर बोलायला उशीर होईल" ही भीती घालणं थांबवा, स्पीच थेरपिस्ट म्हणून सांगते, त्याला ठोस आधार नाही.

माझी पद्धत: ब्रिस्टल स्केलसारखं ८ गुणांचं साधं साधन वापरून जिभेचं काम नोंदवायचं, पोझिशन आणि लॅच आधी मनापासून सुधारायचे, दोघींनी परत बघायचं. तरीही जीभ वर-पुढे येत नाही आणि आईला जखमा होतायत किंवा वजन वाढत नाहीये, तर नीट पत्र लिहून डॉक्टरकडे पाठवायचं. कापल्यानंतर पण लॅचची मदत लागते, बाळाला जुनी सवय असते.

जिथे दोघी लागतातच

टाळूला फट असेल तर निर्वात तयारच होत नाही, त्यामुळे फक्त अंगावर पिऊन पोट भरणं बहुतेक बाळांना शक्य नसतं, आणि हे आईला पहिल्याच दिवशी मायेने पण स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर ती स्वतःला दोष देत बसते. स्पीच थेरपिस्ट वन-वे व्हॉल्व्हची बाटली निवडते, लॅक्टेशनवाली पहिल्या तासांपासून पंप सुरू करून देते, अंगाशी घेणं चालूच. नुसती ओठाची फट असेल तर बरीच बाळं पितात, स्तनानेच ती फट बुजते.

डाऊन सिंड्रोमच्या बाळाला हनुवटी-गालाला हाताचा आधार आणि थोडी जास्त फीड्स. श्वास घेताना घर्रर्र आवाज करणाऱ्या बाळाला कुशीवर किंवा पालथं, मधेमधे थांबवत, आणि ईएनटीला दाखवून. प्रीमॅच्युअर बाळाला कांगारू केअर (उघड्या छातीशी धरणं) जितकी जमेल तितकी. दूध घट्ट करायची पावडर प्रीमॅच्युअर बाळाला डॉक्टरांशिवाय कधीच नाही, त्यातल्या काहींनी आतड्याला धोका होतो, आणि स्टार्चची पावडर आईच्या दुधात घातली तर दुधातल्या अमायलेजमुळे (स्टार्च पचवणारं एन्झाइम) ते परत पातळ होतं, म्हणजे तोही उपयोग नाही.

पायरी ७: एक कागद, एक फोन नंबर

शेवटी एकाच पानावर लिहा: आज काय दिसलं, दोन किंवा तीनच कामं, काय झालं तर लगेच फोन करायचा, पुढचं वजन कधी. दोघींच्या सह्या त्याच कागदावर. डॉक्टरांना पण तेच पान जातं. मतभेद असतील तर ते आईसमोर नाही, आधी आपसात मिटवायचे. आणि दूध पावडर किंवा बाटली बनवणाऱ्या कंपन्यांची सॅम्पल्स, गिफ्ट्स घेऊ नका, १९८१ चा आंतरराष्ट्रीय कोड याच्यासाठीच आहे.

वजन सलग दोन आठवडे छान वाढतंय, दुखणं नाही, तर पंप एकदम बंद नका करू, एकेक वेळ कमी करा, मधे तीन-चार दिवस जाऊ द्या, वजन बघा. टाळूची फट, स्नायूंचा ढिलेपणा किंवा लांब एनआयसीयू झालेल्या बाळांची फाइल मात्र इथे बंद करू नका, सहा महिन्यांच्या आसपास वरचं खाणं सुरू होताना स्पीच थेरपिस्टची एक तारीख आत्ताच त्या कागदावर लिहून द्या.